सात इंच इलॅस्टिक

कंपनीचं गेट बंद झालं त्याला आता दीड वर्ष.
व्हर्नियर कपाटात, जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीशेजारी.
आणि मी, बोअरिंग मशीनचा माणूस,
शतांश मिलिमीटरला जागलेला,
कुंदाच्या पायमशीनसमोर बसलोय
चिंध्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

चिंध्या शब्बीरभाईंच्या.
धनकवडीच्या चौकात ब्लाउज शिवतात, कात्रण झाडून टाकतात.
म्हणाले, न्या की. पायपुसणं करणार?
मी म्हटलं, हो.
खोटं का बोललो, कोण जाणे.

झालं असं, की तुळशीबागेत
शलाकाने एक उचलला आणि परत ठेवला.
साठ रुपये.
केसांना बांधायचा चुणीदार गोळा,
आत इलॅस्टिक, बाकी सगळी हवा.
ठेवला तोही इतका हळू,
जसं तिथं कुणी झोपलंय.
मी पाहिलं नाही असं दाखवलं
आणि बसमध्ये, उभ्या उभ्या,
मनात त्याचं ड्रॉइंग काढलं.

पट्टी बावीस इंच लांब, चार इंच रुंद.
सुलट बाजू आत, उभी घडी,
काठापासून दोन सुतांवर टीप.
मग एका टोकाला सेफ्टी पिन टोचून
ती आतल्या आत चाचपत सरकवायची,
पट्टी स्वतःलाच गिळत गिळत सुलट होते.
पहिला जॉब रिजेक्ट. पिन आतच उघडली.
दुसऱ्याला पीळ पडला.
तिसऱ्याला बॉबिनचा गुंता, माझी एक शिवी,
आणि रात्रपाळीहून आलेली कुंदा
चहाचं पातेलं न सोडता:
"पाय हलका ठेव. लेथ नाहीये ती."

बोहरी आळीतून दहा मीटर इलॅस्टिक आणलं.
दुकानदार म्हणाला, परकरांना का?
मी म्हटलं, हो.

कापायचं सात इंच.
साडेसहा झालं तर डोकं दुखतं,
साडेसात, तर मधल्या सुट्टीतच वेणी सुटते.
पण हे आपलं म्हणायला.
कुणाचे केस दाट, कुणाचे पिंजारलेले,
त्याच मुलीचे न्हाल्यावर आणखी वेगळे.
तीस वर्षं लोखंड कापलं,
ते सोमवारी होतं तेवढंच शनिवारी असायचं.

दिवाळीपर्यंत तेवीस झाले, बुटांच्या खोक्यात.
खणाचा एक, काठ जाड म्हणून फेंगडा बसलेला.
बांधणीचे तीन. घोरपडेकाकूंनी चार नेले
आणि बदल्यात कडबोळी दिली.
काळे पाच, कारण शाळेच्या डायरीत लिहिलंय, फक्त काळे.
आणि एक माझ्या युनिफॉर्मचा, राखाडी,
खिशावरच्या तुकड्याचा,
नाव उसवलं तिथं सुईची भोकं ओळीनं राहिलेली.
तो करायचा नव्हता.
त्या दिवशी कापड संपलं होतं, एवढंच.

शनिवारी शलाका आली ती केस कापून.
कानाच्या वर. मानेवर वस्तऱ्याची निळसर रेघ.
पोहायच्या टोपीत मावत नव्हते, म्हणाली.
सर ओरडायचे.
कुंदा हसली, मग माझ्याकडे बघून थांबली.
मी खोक्यावर झाकण ठेवलं,
जरा जास्तच नीट.

तिने ते काढलं.
वरचे सगळे बोटांनी ढवळले, भाजी निवडावी तसे,
आणि तळाचा राखाडी काढून मनगटात घातला.
"केस नाहीत, तर हा कशाला?"
"हातात घालतात, बाबा. सगळ्याजणी घालतात."
हात वर केला, तो घसरत कोपरापर्यंत गेला.
"पण ढिला होतोय."

मी टेप घेतली.
मनगट पाच इंच तीन सूत.
म्हणजे इलॅस्टिक, गाठ धरून, साडेपाच पुरे,
की पाच? हाड अजून वाढतंय.
ब्लेडने तोंडाची हातशिलाई उसवायला घेतली.
ती हात तसाच पुढे धरून उभी,
टीव्हीकडे बघत,
मागायची राहिलेली टेप अजून मनगटाला गुंडाळलेली.